रस्ता कोणाचा आणि घर कोणाचे?

लंडनच्या उपनगरांत दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बांधलेला एक कागद अधूनमधून दृष्टीस पडतो. त्यावर एका रस्त्याचे नाव असते, कायद्याचे कलम असते, आणि हा सार्वजनिक रस्ता किंवा त्याचा अमुक भाग बंद करण्याचे योजले आहे, कोणास हरकत असल्यास २८ दिवसांच्या आत लेखी कळवावी, अशी सूचना असते. कारणही दिलेले असते. जुनी वसाहत पाडून त्या जागी नवी घरे, आणि त्यांत काही परवडणारी घरे, बांधावयाची आहेत. बहुतेक लोक तो कागद न वाचताच बसच्या थांब्याकडे निघून जातात. कागद पावसात भिजतो, मुदत संपते, आणि काही महिन्यांनी त्या ठिकाणी फळ्यांचे कुंपण उभे राहते.

या साध्या कागदात नीतीचा एक प्रश्न आहे, तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. जो रस्ता सर्वांचा आहे, तो काहींच्या घरासाठी बंद करणे न्यायाचे आहे काय? आणि असल्यास कोणत्या अटींवर?

आपणा मराठी बोलणाऱ्यांना रस्त्याचा हक्क म्हणजे काय हे फोड करून सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हक्काला आपण 'वहिवाट' म्हणतो, आणि त्या शब्दातच वाट आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कोणी आपल्या आवाराचा गडगा हातभर पुढे सारून पाणंद अडवली, तर गावात किती तंटा होत असे हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने असा अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला दिला. शेत एकाचे असले तरी त्यातून जाणारी वाट गावाची, ही गोष्ट न शिकलेल्या माणसालाही कळत होती.

इंग्रजी कायद्याचे म्हणणेही फार वेगळे नाही. येथे सार्वजनिक रस्ता म्हणजे डांबर आणि फरशी नव्हे, जाण्यायेण्याचा हक्क. खालची जमीन एकाच्या मालकीची असू शकते, वरचा थर कौन्सिलच्या ताब्यात असतो, पण त्यावरून चालण्याचा हक्क प्रत्येकाचा असतो. तो हक्क वापरात नाही म्हणून आपोआप बुजत नाही, असा येथील न्यायालयांचा जुना नियम आहे. तो बुजवावयाचा तर कायद्याचा रीतसर आदेश लागतो.

आदेश कसा निघावा याविषयी या देशाने बरेच कडू अनुभव घेतले आहेत. १८१५ च्या एका कायद्याने दोन मॅजिस्ट्रेटांच्या सहीने 'अनावश्यक' पायवाट बंद करता येऊ लागली. जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट बहुधा एकाच पंक्तीला बसणारे, तेव्हा कोणाची वाट अनावश्यक ठरली असेल हे सांगावयास नको. याच काळात, १८२६ साली, मँचेस्टरच्या लोकांनी जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. १८३५ च्या कायद्याने पुढे अशा बंदीला अधिक जाहीरपणाची सक्ती केली. आज खांबावर नोटीस लागते, स्थानिक वृत्तपत्रात व सरकारी गॅझेटात छापून येते, ते त्या झगड्याचेच फळ आहे.

इमारतीसाठी रस्ता बंद करण्याचा आजचा मुख्य कायदा १९९० चा नगररचना कायदा होय. त्याचे कलम २४७ असे सांगते की, मंजूर झालेले बांधकाम पार पाडण्यासाठी आवश्यक असेल तरच सार्वजनिक रस्ता बंद करता येतो किंवा वळवता येतो. आवश्यक म्हणजे सोयीचे नव्हे. पूर्वी हा अधिकार मंत्र्यांकडे होता. १९९९ च्या कायद्याने लंडनपुरता तो बरो कौन्सिलांकडे आला. हरकती आल्या आणि त्या मिटल्या नाहीत, तर प्रकरण लंडनच्या मेयरकडे जाते आणि जाहीर चौकशी होऊ शकते.

आता दुसरी बाजू पाहू. ती हलकी नाही.

इंग्लंडमध्ये मार्च २०२४ अखेर कौन्सिलच्या घरासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या कुटुंबांची संख्या तेरा लाखांहून अधिक होती. २०२५ साली सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. तात्पुरता निवारा म्हणजे पुष्कळदा एका खोलीत आईबाप, मुले, त्यांची दप्तरे आणि स्वयंपाकाची भांडी. खोली म्हणजे काय हे आपल्या मंडळींना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या नांदल्या. त्या चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांपुढे उभे राहून, 'तुमच्या इमारतीमुळे आमची वाट वळली' अशी तक्रार करण्याची कोणाची छाती होईल?

म्हणून प्रथमच सांगून टाकतो, की रस्ता पवित्र आणि घर क्षुद्र असे आमचे म्हणणे नाही. वाटसरूची दोन मिनिटे आणि एका कुटुंबाचे छप्पर यांची बेरीज-वजाबाकी एकाच वहीत मांडता येत नाही. दहा हजार माणसांना प्रत्येकी दोन मिनिटे जास्त चालावे लागले, तरी त्या सर्व मिनिटांची मिळून एक रात्रीची झोप होत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याची गरज मोठी, आणि मोठ्या गरजेपुढे लहान सोयीने बाजूस सरावे, हे साधे माणुसकीचे तत्त्व आहे.

याच्या उलट प्रकार आपण मुंबईत पाहिला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून त्याने जुन्या घरांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सॅन्डहर्स्ट रोड ही त्याची कामे. रस्ते सुंदर झाले, परंतु घरे ज्या वेगाने पाडली त्या वेगाने बांधली गेली नाहीत, आणि उठवलेली गरीब माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत जाऊन दाटली. तेथे रस्त्यासाठी घर गेले. येथे घरासाठी रस्ता जातो. दोन्ही ठिकाणी विचारावयाचा प्रश्न मात्र एकच आहे. ज्याच्या नावाने हे काम झाले, त्याला शेवटी काय मिळाले?

हा प्रश्न लंडनलाही जुना आहे. पूर्व लंडनमध्ये शोरडिचजवळ ओल्ड निकोल नावाची अत्यंत दरिद्री वस्ती होती. १८९० च्या दशकात लंडन काउंटी कौन्सिलने ती पाडली. जुन्या गल्लीबोळांचे जाळे पुसून टाकले, मध्यभागी आर्नल्ड सर्कस नावाचा गोल चौक केला, पाडकामाची माती रचून त्यावर टेकडी उभारली, आणि तेथून चहूकडे रुंद रस्ते काढले. १९०० साली बाउंडरी इस्टेट या नावाने तिचे उद्‌घाटन झाले. इंग्लंडमधील अगदी पहिल्या कौन्सिल वसाहतींत तिची गणना होते, आणि इमारती आजही पाहण्यासारख्या आहेत. पण हिशोब असा, की त्या जागेवरून ५,७१९ माणसे उठवली गेली आणि नव्या घरांत त्यांच्यापैकी केवळ ११ जण आले. भाडे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. चांगल्या हेतूने, चांगल्या कारागिरांनी, लोकांच्या पैशाने केलेले काम. तरी गल्ल्याही गेल्या आणि गल्लीतली माणसेही गेली.

सार्वजनिक वाट बदलण्याच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनीही बारीक विचार केला होता. मिश्नाच्या बाबा बाथ्रा या भागात एक नियम आहे. कोणाच्या शेतातून लोकांची वाट जात असेल आणि त्याने ती आपल्याकडे घेऊन शेताच्या कडेने दुसरी वाट दिली, तर दिलेली नवी वाट लोकांची झालीच, आणि जुनी वाटही त्याला मिळत नाही. वाचताना हा नियम फार कडक वाटतो. मालकाने बदली वाट दिली ना, मग त्याला दंड का? तल्मूदमध्ये याची कारणे शोधताना विद्वानांनी एक मत असे नोंदले आहे, की मालक वाकडी वाट देईल म्हणून ही भीती. आणि दुसऱ्याने तर म्हटले, की कडेची वाट ही वाकडीच. कारण ती एकाला जवळ पडते आणि दुसऱ्याला लांब.

'एकाला जवळ, दुसऱ्याला लांब', येथे सगळा विषय आला. नकाशावर बदली रस्ता बघितला तर पन्नास-शंभर यार्डांचा फरक दिसतो. परंतु नकाशा चालत नाही, माणूस चालतो. तरण्या माणसाला शंभर यार्ड म्हणजे काहीच नव्हे. काठी टेकत जाणाऱ्या आजीला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला तो फरक वेगळा. आपल्या समाजातील वयस्क मंडळी शब्बाथला गाडीत न बसता पायी सिनेगॉगला जातात. नेहमीची पायवाट बंद झाली तर त्यातले काही जण घरीच बसू लागतील, आणि त्याची नोंद कोणत्याही कचेरीत होणार नाही. सार्वजनिक सोय सरासरीने मोजली की ज्याला सर्वांत लांब पडते तो हिशोबातून गळतो.

येथील न्यायालयांनीही हे ओळखले आहे. एका उपाहारगृहाच्या मालकाने तक्रार केली की, शेजारच्या बांधकामासाठी रस्ता बंद झाला तर येणारीजाणारी गिऱ्हाइके तुटतील व आपला धंदा बसेल. १९९० साली अपील न्यायालयाने सांगितले की, बांधकामाला मंजुरी मिळाली म्हणजे रस्ता बंद करण्याचा प्रश्न संपला असे नव्हे. ज्यांचा हक्क जाणार त्यांचे नुकसान मंत्र्यांनी लक्षात घेऊन तोलले पाहिजे. विशेषतः अशा नुकसानीबद्दल भरपाई मिळण्याची सोय नसताना तर तोलले पाहिजेच. म्हणजे 'घरे हवी आहेत' हे वाक्य उच्चारले की पुढचा सगळा विचार संपतो, असे कायदासुद्धा मानत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

रस्ता बंद करण्याचा आदेश हा कायमचा असतो. एकदा हक्क बुजला की बुजला. पुढे योजना बदलली, कंपनी बुडाली, घरे निम्मीच बांधली गेली, तरी हक्क आपोआप परत येत नाही. परंतु ज्या घरांचे नाव घेऊन हा हक्क मागितला, त्या घरांचे वचन मात्र बदलू शकते. एका पारड्यात दगड आणि दुसऱ्यात बर्फ ठेवून केलेला हा सौदा आहे. तोलताना काटा सरळ दिसतो, पण थोड्या वेळाने बर्फ वितळतो.

हे कसे घडते ते पाहा. 'परवडणारे घर' हा शब्द ऐकून गरिबाचे घर असा आपला समज होतो. पूर्वीच्या अर्थाने सामाजिक भाड्याचे घर म्हणजे साधारणपणे बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास भाडे असलेले घर. २०११ पासून 'परवडणारे भाडे' असा नवा प्रकार आला, त्यात बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे घेता येते. अर्धे विकत आणि अर्धे भाड्याने घेण्याची घरेही परवडणाऱ्यांतच मोजली जातात. लंडनच्या भावाने बाजाराचे ८० टक्के बस चालवणाऱ्याला किंवा इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला परवडतात काय, हे वाचकांनीच ठरवावे. शब्द तोच राहतो, आतले माणूस बदलते.

दुसरे असे की, विकासक कौन्सिलशी करार करतो आणि त्यात अमुक इतकी परवडणारी घरे देण्याचे कबूल करतो. परंतु खर्च वाढला, व्याज वाढले, मग हा आकडा झेपत नाही, असे सांगून करार फिरवून घेता येतो. २०१३ ते २०१६ या काळात तर केवळ परवडणाऱ्या घरांचे कलम फेरविचारासाठी उघडता यावे म्हणून कायद्यात खास तरतूद केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये, लंडनमध्ये बांधकामे थंडावली म्हणून, जलद मंजुरीसाठी लागणारे परवडणाऱ्या घरांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून काही काळापुरते २० टक्क्यांवर आणण्याचा बेत सरकारने व मेयरने जाहीर केला. या निर्णयांना कारणे असतील, आणि ती सगळी खोटी नसतील. पण बाजार पडला म्हणून पूर्वी बंद केलेली एखादी वाट पुन्हा उघडण्याची तरतूद मात्र कोणी केलेली ऐकिवात नाही. सवलत नेहमी एकाच दिशेने वाहते.

साउथवर्कमधील हेगेट इस्टेट १९७४ साली पुरी झाली. तेथे सुमारे १,२०० घरे होती. २०११ ते २०१४ या काळात ती पाडली गेली. तिच्या जागी अडीच हजारांच्या आसपास घरांची जी योजना २०१३ साली मंजूर झाली, तीत सामाजिक भाड्याची घरे शंभराच्याही आत होती. त्या भागात आज झाडे आहेत, बागही आहे, दुकाने आहेत. तेथे राहणारा नवा माणूस काही गुन्हेगार नव्हे. परंतु जुन्या वसाहतीतून ज्यांच्या वाटा जात होत्या त्या लोकांना जर कोणी विचारले असते की, 'तुमच्या वाटा या कामासाठी द्याल काय?', तर त्यांचे उत्तर घर कोणाला मिळणार यावर ठरले असते.

आपल्या वस्तीला जवळचे उदाहरण बार्नेटमधील ग्रॅहम पार्कचे. हेन्डनच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर ही मोठी वसाहत झाली; पहिले रहिवासी १९७१ साली आले. गाड्या बाहेरच्या बाहेर वळवाव्या आणि आत माणसांनी निर्धास्त चालावे, असा त्या वेळच्या आखणीकारांचा विचार होता. विचार वाईट नव्हता. पण आरपार जाणारे रस्ते नसल्यामुळे वसाहत शेजारापासून तुटली, अशी टीका पुढे सतत होत राहिली. म्हणून नव्या योजनेत जुने काही रस्ते आणि वाटा मोडून आरपार जाणारे नवे रस्ते काढावयाचे ठरले. म्हणजे प्रत्येक बंद होणारा रस्ता रडण्याजोगा असतो असे नाही. काही रस्ते मुळातच चुकीच्या जागी असतात, आणि ते मोडल्याने वाटसरूचे भलेच होते. पण याच वसाहतीच्या एका टप्प्यात सामाजिक भाड्याची ६९२ घरे पाडून जी नवी घरे बांधावयाची होती, त्यांत परवडणारी घरे पूर्वीपेक्षा २५७ ने कमी भरत होती. डिसेंबर २०१७ मध्ये मेयर सादिक खान यांनी त्या कारणास्तव योजना नाकारली. पुढे आराखडा बदलला, परवडणाऱ्या घरांची संख्या वाढवली, आणि २०२० साली नवा आराखडा मंजूर झाला. यातून एक गोष्ट दिसते. कोणीतरी हिशोब मागितला, तेव्हा हिशोब सुधारला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तो असा, की इतक्या अटी घातल्या तर घरे बांधणार कोण? प्रत्येक हरकतीने काम महिनोन्‌महिने लांबते, लांबले की खर्च वाढतो, आणि वाढलेल्या खर्चाचा पहिला बळी परवडणारे घरच ठरते. शिवाय हरकत घेणारे सगळे वाटेसाठीच भांडतात असेही नाही. काहींना आपल्या खिडकीसमोर उंच इमारत नको असते, काहींना गरीब शेजारी नको असतो, आणि ते वाटेच्या आडून बोलतात. हे खरे आहे. वाटसरूच्या हक्काचे नाव घेऊन बेघराचे घर अडवणे हा मोठाच अन्याय होईल, आणि आमच्या लेखाचा कोणी तसा उपयोग करू नये.

परंतु या आक्षेपाला उत्तर आहे. हिशोब मागणे म्हणजे अडवणे नव्हे. जो माणूस आपली वाट आनंदाने देतो, त्याला ती कोणाकरिता जाते हे विचारण्याचा अधिकार आहे. गावात विहिरीसाठी कोणी आपल्या जमिनीचा तुकडा दिला, आणि पुढे त्या विहिरीवर कुलूप पडले, तर दान देणाऱ्याने गप्प बसावे काय? सार्वजनिक रस्ता हे असेच सर्वांनी मिळून दिलेले दान आहे. लोक आपली वाट घरासाठी देऊ शकतात. कौन्सिल ही त्या वाटेची मालकीण नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्ताने दान ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणी लावले पाहिजे. गरिबाच्या घरासाठी म्हणून घेतलेली वाट श्रीमंताच्या घराखाली गेली, तर ते दान राहत नाही. ती लोकांच्या मालमत्तेची विक्री होते, आणि किंमत ज्यांच्या पदरात पडली त्यांत लोक नसतात.

म्हणून आम्हांस तीन गोष्टी न्यायाच्या वाटतात.

पहिली, बदली वाट हक्काची असावी. नव्या वसाहतींत फरसबंदी, दिवे, झाडे असलेले सुंदर रस्ते होतात, पण पुष्कळदा ते खाजगीच राहतात. तेथे आपण हक्काने नव्हे, परवानगीने चालतो. परवानगी कधी संपते ते सांगता येत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलशेजारचा पॅटर्नोस्टर चौक निदर्शकांना बंद झाला, तेव्हा ती जागा खाजगी आहे आणि जनतेला तेथे रस्त्याचा हक्क नाही हे पुष्कळांना प्रथमच कळले. हक्काची वाट घेऊन परवानगीची वाट देणे म्हणजे खरे नाणे घेऊन वचनचिठ्ठी देणे होय. बदली रस्ता करून देण्याची अट आदेशात घालण्याची मुभा कायद्याने दिलेलीच आहे. ती वापरावी, आणि नवी वाट खुली झाल्यावरच जुनी बंद करावी.

दुसरी, जितके घर तितकाच रस्ता. मोठ्या वसाहती टप्प्याटप्प्याने, दहा-पंधरा वर्षे बांधल्या जातात. पहिल्याच दिवशी सगळे रस्ते बंद करण्याची घाई कशाला? ज्या टप्प्यातील परवडणाऱ्या घरांचा करार पक्का झाला, त्याच टप्प्यातील रस्त्यावर आदेश लागू व्हावा. घरे बांधली गेली नाहीत तर वाट लोकांचीच राहावी. बर्फाच्या पारड्याला एवढा तरी आधार हवा.

तिसरी, विचारणे सर्वांना व्हावे. जुलै २०१८ पासून लंडनमध्ये असा नियम आहे की, मेयरच्या पैशाने होणाऱ्या योजनेत घरे पाडून दीडशे किंवा त्याहून अधिक नवी बांधावयाची असतील, तर रहिवाशांचे मतदान घ्यावे लागते. भाडेकरू, वर्षभर तेथे राहणारे घरमालक, आणि घराच्या प्रतीक्षायादीत असलेले रहिवासी, सगळ्यांना मत असते. हा फार चांगला नियम आहे. पण त्या वसाहतीतून रोज शाळेला जाणारी पलीकडची मुले, बाजाराला जाणारी बाई, उपाहारगृहाचा मालक यांना मत नाही. त्यांच्या वाट्याला खांबावरचा कागद आणि २८ दिवस. त्यांना मत द्यावे असे आम्ही म्हणत नाही; घर जाणाऱ्याचा आणि वाट जाणाऱ्याचा अधिकार सारखा नाही. पण शाळेत, दवाखान्यात, प्रार्थनास्थळात जाऊन साध्या भाषेत त्यांना सांगणे आणि त्यांचे ऐकणे एवढे तरी कौन्सिलकडून व्हावे. कायद्याची भाषा ज्यांना येत नाही अशांची वस्ती जेथे जास्त, तेथे तर याची जास्तच गरज आहे.

यात आणखी एक लहानशी गोष्ट जोडावीशी वाटते. शेफील्डमध्ये १९६१ साली पार्क हिल नावाची वसाहत उघडली. जुन्या गल्ल्या पाडून तेथे ९९५ घरांच्या लांब इमारती उभारल्या, आणि वरच्या मजल्यांवर दुधाची गाडी जाईल इतके रुंद सज्जे ठेवले. त्या सज्ज्यांना आखणीकारांनी खालच्या मोडलेल्या गल्ल्यांची नावे दिली, आणि जुने शेजारी शक्यतो एकमेकांजवळच ठेवले. त्या वसाहतीचे पुढे बरेच हाल झाले, तो भाग वेगळा. पण गल्ली मोडणाऱ्याने गल्लीचे आणि शेजाराचे ऋण मानले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. नावाने पोट भरत नाही. तरी अलिबागच्या इस्रायल आळीचे किंवा मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटचे नाव उद्या पुसले गेले, तर आपल्याला काय वाटेल हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

आपण बाहेरून येथे आलेले लोक. या देशात आपली शेतीवाडी नव्हती, वाडवडिलांचे घर नव्हते, बँकेत पत नव्हती. पण विमानतळावरून बाहेर पडल्या क्षणापासून येथला रस्ता मात्र आपला होता. त्यावर चालण्यासाठी कोणी कागद मागितला नाही, कोणाची ओळख लागली नाही. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याजवळ निदान रस्ता असतो. आणि त्यानंतर पहिली गरज लागली ती घराची. कोणी नातेवाइकाच्या पुढच्या खोलीत राहिला, कोणी भाड्याच्या एका खोलीत तीन वर्षे काढली. म्हणून या वादात दोन्ही बाजू आपल्याला आतून कळतात. रस्त्याची किंमत कळते म्हणून ती सहज सोडू नये, आणि घराची किंमत कळते म्हणून ते अडवू नये.

आमची विनंती एवढीच आहे. आपल्या भागात असा कागद लागलेला दिसला तर दोन मिनिटे थांबून वाचा. ज्यांना इंग्रजी नीट वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला वाचून दाखवा. मग कौन्सिलला पत्र लिहून तीन प्रश्न विचारा. बदली वाट हक्काची आहे काय? सामाजिक भाड्याची घरे किती पाडली जाणार आणि किती बांधली जाणार? आणि घरांचे वचन बदलले तर आमच्या वाटेचे काय होणार? उत्तरे समाधानाची असली तर हरकत घेऊ नका. उलट पाठिंब्याचे पत्र लिहा, कारण तशी पत्रे फार थोडी जातात आणि घराची वाट पाहणाऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हवा. उत्तरे आली नाहीत तर मात्र २८ दिवस मोजत राहा, आणि शेवटल्या दिवसाची वाट न पाहता आपली हरकत रीतसर नोंदवा.